ओल्या हातानं दाबलेलं बटण

"आजींचं बटण आज आलं नाही," पलीकडचा म्हणाला. "सगळं ठीक आहे ना?"

मी नुकतंच कुलूप काढून घरात पाऊल टाकलं होतं. एका हातात निथळती छत्री, दुसऱ्या हातात ड्रेसिंगची पिशवी, आणि टेबलावरचा टॅब घर डोक्यावर घेत होता. कोपरानंच कसाबसा चालू केला. पडदा काळा, नुसता आवाज. पुरुषाचा, रात्रभर जागलेला, जरासा खरखरीत — आणि खरं सांगायचं तर छान.

"कुठल्या आजी?" मी विचारलं.

"याच घरातल्या. रोज सात-दहाला बटण येतं त्यांचं. आता साडेसात होत आले."

"अहो, या घरात आजी नाहीत."

"बाहेर गेल्यात का?"

"वारल्या. आठ महिने झाले."

तो हळूच म्हणाला, "मग काल कुणी दाबलं?"

"हे बघा, सकाळी सकाळी असली थट्टा मला खपत नाही."

"थट्टा नाही हो. काल सात-दहा. परवा सात-दहा. माझ्यासमोर यादी आहे..." तो थांबला. "जरा तो नळ बंद करता का? पाण्याच्या आवाजात तुमचं नीट ऐकू येत नाही."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. नळ बंद होता. खालचं भांडंसुद्धा कोरडं होतं.

आमचं काम काय ते आधी सांगते. म्हातारी माणसं आपापल्या घरी राहतात आणि दवाखाना त्यांच्याकडे येतो. डॉक्टरबाई टॅबवर भेटतात, मी प्रत्यक्ष जाते. साखर, रक्तदाब, अंघोळ, गोळ्या, आणि 'मुलगा फोन करत नाही' हे गाऱ्हाणं, एवढं सगळं माझ्या वाट्याला. प्रत्येकाला बाटलीच्या झाकणाएवढं एक पांढरं बटण मिळतं. सकाळी उठून ते दाबायचं. दाबलं की टिक वाजतं, हिरवा दिवा लुकलुकतो आणि तिकडे केंद्रावर कळतं, हे माणूस आज ठीक आहे. दाबलं नाही की केंद्रावरून फोन.

या घरात दोन बटणं होती. आजोबांचं पलंगाच्या कडेला. आजींचं स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भिंतीत स्क्रूनं पक्कं केलेलं. त्या गेल्यावर ते काढून केंद्रावर जमा करायला हवं होतं. पण आजोबांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही, आणि आमच्याकडचा नियम असा की बटण जमा झाल्याशिवाय यादीतून नाव कमी होत नाही. म्हणजे केंद्राच्या हिशेबी आजी अजून होत्या, आणि रोज सकाळी ठीक होत्या.

मी भुताखेतांना भीक घालणारी नाही. पाच वर्षं म्हाताऱ्यांच्या घरांतून वावरतेय, रिकाम्या खुर्चीशी बोलणारे कितीतरी पाहिलेत. तरी त्या सकाळी आतल्या खोलीत जाताना मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ केली नाही, हे कबूल करते.

आजोबा पलंगावर जागेच होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, तरुणपणी तारमास्तर. बोटं अजूनही पांघरुणावर कुणाला तरी तार करत असल्यासारखी चालायची.

"आजोबा, आजींचं बटण तुम्ही दाबता का?"

"मी? वॉकर धरून मोरी गाठताना नाकी नऊ येतात माझ्या. आणि तू आल्याशिवाय उठायचं नाही, असा दम तूच भरलायस."

ते खरं होतं. शिवाय त्यांच्या गादीखाली एक पातळ पट्टी होती. माणूस झोपलंय की उठलंय, हे तिच्यावरून केंद्राला कळतं. ते उठले असते तर कळलंच असतं.

"मग कोण दाबतं?"

"ती," ते म्हणाले. इतक्या सहज, की मी हसायचंही विसरले.

"मग आज का नाही दाबलं?"

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "रुसली असेल."

"कशावर?"

पांघरुणाखाली उजवा पाय आत ओढला गेला. आता पेशंटनं पाय आत ओढला आणि मला कळलं नाही, तर मी कसली नर्स! पांघरूण बाजूला केलं, मोजा काढला. अंगठ्याखाली जखम होती. कडा काळ्या पडलेल्या. साखरेच्या माणसाच्या पायाला अशी जखम म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

"किती दिवस लपवलीत?"

"कालपासून. त्याआधी मलाच कळली नव्हती." मग हलक्या आवाजात म्हणाले, "मुलाला कळलं तर उचलून नेईल गं मला. घर सोडून नाही जायचं मला, पोरी."

डॉक्टरबाईंनी टॅबवर जखम पाहिली आणि लगेच औषधं सुरू केली. आणखी दोन दिवस गेले असते तर अंगठा गेला असता म्हणाल्या, कदाचित पाऊलसुद्धा. मी ड्रेसिंग करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पोचते न पोचते तोच टॅब वाजला.

"आलं," तो म्हणाला.

"काय आलं?"

"बटण. सात-दहाला. म्हटलं तुम्हाला सांगावं... तुम्ही काल घाबरला होतात."

"मी? मी मुळीच घाबरले नव्हते."

"बरं. मग मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "कपाळावरचं पाणी पुसा, डोळ्यात जातंय."

माझा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला. "तुम्हाला मी दिसते?"

"टॅबला कॅमेरा आहे ना. आमच्याकडे नुसते कानातले फोन."

"म्हणजे तुम्ही मला बघणार, आणि मी काळ्या पडद्याशी बोलणार? वा रे वा!" मी पिशवीतली चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि कॅमेऱ्यावर डकवली. "आता बघा."

"आता पांढरं दिसतंय," तो म्हणाला. "तेही छानच आहे."

मी हसले नाही. आजोबा मात्र आतून खोकल्याचं सोंग करत हसले.

त्यानंतर तो रोज सव्वासातला फोन करायचा. आजोबांनी त्याचं नाव ठेवलं 'सव्वासातवाला'. "पोरी, तुझा सव्वासातवाला वाजतोय बघ!" मीही हळूहळू साडेसातऐवजी सातला यायला लागले. जखमेचं ड्रेसिंग लवकर झालेलं बरं, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. ते आजोबांना पटलं नाही, आणि मलाही.

"सिस्टर..." एकदा तो म्हणाला आणि अडखळला.

"बोला की."

"तेच. सिस्टर म्हणायला जिवावर येतं हो."

"मग काय म्हणणार?"

"अहो म्हणू?"

"अहो बायका म्हणतात. नवऱ्याला."

"मग तुम्ही म्हणा," तो म्हणाला — आणि फोन कट. भित्रा कुठला! मी त्या काळ्या पडद्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. आजोबांची गोळी द्यायला दहा मिनिटं उशीर झाला.

पण या थट्टामस्करीखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी एका सकाळी मी ठरवलं, डोळ्यांनी बघायचंच. सातला आले. आजोबा घोरत होते. त्या दिवशी मीच केंद्राला फोन लावला, त्यानंच घेतला. टॅब हातात धरून मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभी राहिले. बाहेर झिमझिम चालू होती. खिडकीची काच आतून धुरकटली होती, जणू कुणी नुकतंच तिथे आधण ठेवलं होतं. शेगडीला हात लावून पाहिला. गार.

"सात-नऊ," तो कुजबुजला. का कुजबुजत होता देवाला ठाऊक.

मी बटणावरची नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी पापणी पाडली नाही. आणि मग... बटण जरासं आत गेलं. मी पाहिलं. टिक. हिरवा दिवा लुकलुकला.

"आलं," तो म्हणाला.

बटणावर पाण्याचा एक थेंब होता. तो ओघळला, भिंतीवरून सावकाश खाली आला आणि ओट्यावर पडला.

"तिथंच आहात ना?" त्याचा आवाज बदलला होता. "बोला काहीतरी. प्लीज."

"आहे," मी म्हणाले. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी मी त्याच वेळी काढली. का, ते मला विचारू नका. कुणीतरी आपल्याला बघावं असं वाटलं, एवढं खरं.

ड्रेसिंग करताना मी आजोबांना थेंबाचं सांगितलं. ते वैतागले. "ओल्या हातानं दाबते! किती वेळा सांगितलं, अगं बिघडेल, हात पुसत जा. ऐकेल तर शपथ."

"आजोबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली? आमचं जमलंच तसं. ती दुसऱ्या गावच्या तार ऑफिसात, मी इकडे. दीड वर्ष चेहरा पाहिला नव्हता एकमेकांचा. सकाळी लाईन उघडली की पहिली टिक तिची. नुसती एक टिक, म्हणजे मी आहे. आणि मी काही लपवलं की ती टिक द्यायची नाही. मी मनातलं बोलेपर्यंत लाईन गप्प." बोटं पांघरुणावर एकदा आपटली. "चेहरा नंतर दिसला तरी चालतो पोरी. माणूस कळलं पाहिजे."

आणि मी त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

इथं माझी चूक झाली. ड्रेसिंगचं सामान संपलं नव्हतं, तरी मी दुपारी केंद्रावर फोन केला. केंद्र चालवणाऱ्या मॅडमना सामान सांगितलं आणि जाता जाता विचारल्यासारखं केलं, "सकाळी सव्वासातला फोन करतात त्यांचं नाव काय हो?"

"सकाळी?" मॅडम म्हणाल्या. "सातनंतर तिघी मुली असतात. पुरुष कुणीच नाही."

माझ्या कानात शीळ घुमल्यासारखी झाली. "पण... रोज फोन येतो. आजींचं बटण आलं म्हणून."

"कुठल्या आजी?"

तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही म्हणतात, तसं झालं. मॅडमनी यादी उघडली. आठ महिन्यांपूर्वी गेलेली बाई यादीत! त्यांनी नियम बाजूला ठेवून तडकाफडकी नाव कमी केलं, बटण काढून आणायचं फर्मान सोडलं आणि मुलाला फोन लावला. मुलगा विमानानं यावं लागेल इतका दूर. त्यानं सरळ अर्थ काढला: बाबांचा तोल सुटला, मेलेल्या आईचं बटण दाबत बसतात. शनिवारी सकाळी सातला टॅबवर बोलणं ठरलं. 'हे एकटे राहू शकत नाहीत' असं डॉक्टरबाईंनी लिहून दिलं की रविवारी गाडी येणार आणि आजोबांना वृद्धाश्रमात घेऊन जाणार.

आणि सव्वासातचा फोन बंद झाला.

गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही. मी टॅबसमोर बसून राहिले. आजोबांना त्यांच्याच घरातून उठवायला मी कारण झाले होते, आणि ज्याच्यासाठी जीभ घसरली तो कुठल्या यादीतच नव्हता. माझ्या मनात आलं, जसं बटण आहे आणि दाबणारी नाही, तसाच आवाज आहे आणि माणूस नाही? शुक्रवारी संध्याकाळी घरी जाऊन मी रडले. भीतीनं नाही. तो नसावा, याचं मला दुःख झालं होतं.

शनिवारी सातला पाच कमी असताना दाराची बेल वाजली.

दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. छत्री मोडकी, चष्म्यावर पाणी, डोळ्यांखाली काळं. एका खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता आणि छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद धरले होते.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग चाचरत म्हणाला, "आलो."

एकच शब्द. पण तो खरखरीत आवाज मला हजारात ओळखू आला असता.

"तुम्ही... आहात?" मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न.

"आहे की. चिमटा काढून बघा हवं तर."

मी काढला. चांगला जोरात काढला. "आई गं!" तो ओरडला, आणि आतून आजोबा म्हणाले, "कोण गं? सव्वासातवाला?"

दोन मिनिटांत उलगडा झाला. त्याची ड्युटी रात्रीची, सातला संपणारी. "रात्रभर पडलेल्या, घाबरलेल्या माणसांचे फोन घ्यायचे," तो चष्मा पुसत म्हणाला. "सकाळ होताना कुणीतरी 'मी ठीक आहे' म्हटल्याशिवाय घरी जाववत नाही. सगळ्यात आधी आजींचं बटण यायचं. म्हणून दहा मिनिटं जास्त थांबायचो. मग तुम्ही भेटलात... मग पंधरा मिनिटं झाली."

"आणि दोन दिवस फोन का नाही?"

"ड्युटी नसताना फोन केले म्हणून घरी बसवलंय. बटण काढून आण म्हणाल्या मॅडम, म्हणून आलो." त्यानं कागद पुढे केले. "आणि हे. आठ महिन्यांची नोंद. आजींचं बटण आलं तेव्हा आजोबा गादीवरच होते. याला एका दिवसाचाही अपवाद नाही. मुलाला दाखवू."

"हे दाखवलंत तर तुमची नोकरी कायमची जाईल."

"घर त्यांचं जातंय," तो म्हणाला. त्या क्षणी मी पुरती बुडाले, हे लिहून ठेवते.

सातला टॅबवर दोन चौकोन उघडले. एकात डॉक्टरबाई, एकात मुलगा. चाळिशीचा, टाय लावलेला, दमलेला. आजोबांना मी खुर्चीत बसवलं होतं. डॉक्टरबाईंनी वार विचारला, सकाळी कुठल्या गोळ्या घेता ते विचारलं. आजोबांनी धडाधड सांगितलं.

"आणि आजी कुठे आहेत?"

"गेली. मीच तिचे डोळे मिटले. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टर."

सव्वासातवाल्यानं नोंदीचे कागद टॅबसमोर धरले. मुलानं पाहिले आणि मान हलवली. "यंत्र बिघडलं असेल. मुद्दा तो नाही. बाबांचा पाय सडत होता आणि मला कळलंसुद्धा नाही. बाबा, तिथं चोवीस तास माणसं आहेत. याल ना?"

"तू म्हणशील तसं, बाळा," आजोबा म्हणाले.

मी थक्क झाले. पण डॉक्टरबाईंनी लिहायला घेतलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. सात-बारा. मी सव्वासातवाल्याकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तोंड पांढरं पडलेलं.

"आलं नाही," तो ओठांनीच म्हणाला.

खोलीत विचित्र गारठा होता. आतून पाणी वाजत होतं, बारीक धार, आणि एकदम थांबली. आजोबांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजत होतं तेही थांबलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"आजोबा," मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "काय लपवताय?"

"काही नाही."

"मागच्या वेळी पाय होता. आज काय आहे?"

त्यांनी टॅबकडे पाहिलं नाही. हात हळूच खुर्चीखाली गेला. मी वाकून पाहिलं. तिथं कापडी पिशवी भरून ठेवली होती. दोन सदरे, चष्मा, आजींचा फोटो. पलंगावर बसल्या बसल्या केव्हा भरली कोण जाणे.

"मीच जाऊन मोकळा होतो," आजोबा पुटपुटले. "माझ्यामुळे या पोराची नोकरी जाते, पोरीला बोलणी बसतात, तुला तिकडे झोप नाही. म्हणून म्हटलं, गुपचूप जावं."

"पण तुम्हाला यायचंय का, बाबा?" मुलानं विचारलं.

"तू कधी विचारलंच नाहीस रे तसं."

"आता विचारतोय."

आजोबांनी आता टॅबकडे पाहिलं. "नाही यायचं मला. ती इथं आहे. मला इथंच राहायचंय."

टाय सैल करत मुलानं विचारलं, "सिस्टर, तो मगाशी... पाण्याचा आवाज कसला होता?"

"नळ बंद आहे," मी म्हणाले.

"आई ओल्या हातानंच सगळं करायची," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता. "डॉक्टर, ते लिहू नका. बाबा राहतील तिथंच. मी रोज फोन करीन. खरंच करीन." डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारला. पाय मात्र रोज टॅबवर दाखवायचा, ही त्यांची अट, आणि मॅडमशी आपण बोलू, हे जाता जाता.

चौकोन मिटले. आजोबांनी डोळे पुसले. मी सुटकेचा श्वास घेतला, तर सव्वासातवाला अजून स्वयंपाकघराच्या दारातच.

"सात-सव्वीस," तो म्हणाला. "अजून आलं नाही."

आजोबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "माझी पाटी कोरी झाली बुवा. म्हणजे आणखी कुणाच्या तरी पोटात काहीतरी आहे. जा, आत जाऊन बोला. मला ऐकायचं नाही."

आम्ही ओट्यासमोर उभे राहिलो. काच पुन्हा धुरकटली होती. त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, हातात फिरवला आणि बटणाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मॅडम दुसऱ्याच कुणाला तरी पाठवणार होत्या. मीच हट्ट धरला. बटणासाठी नाही... नुसता कागदांसाठीही नाही."

"मीही," मी म्हणाले. "ड्रेसिंगचं सामान संपलं नव्हतं. तुमचं नाव हवं होतं मला. त्यापायी हा सगळा घोळ झाला."

"मग नाव सांगू?"

"सांगाल हो सावकाश. आधी ते दुसरं सांगा."

"कुठलं?"

"जे पोटात आहे ते."

तो लाल झाला. "मला... तुमच्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. दोन दिवस झोपलोच नाही. आवडता तुम्ही मला. खूप."

मला उत्तर द्यायचं होतं, पण पाय जमिनीला खिळले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी मला हलकेच पुढे ढकललं. मी त्याच्या अगदी जवळ गेले. त्याचा शर्ट पावसानं गार होता, आणि आत हृदय भलतंच धडधडत होतं.

"अहो," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

टिक.

हिरवा दिवा लुकलुकला. बटणावरून पाण्याचा थेंब ओघळला आणि ओट्यावर पडला. त्यानं माझा हात घट्ट धरला, आणि मग त्याची नजर माझ्या खांद्यावर गेली.

"तुमच्या खांद्यावर..."

मी मान वळवून पाहिलं. गणवेशावर ओल्या हाताचा ठसा होता. पाच बोटं, बारीक, बाईमाणसाची.

"पावसाचं पाणी असेल," मी म्हणाले.

"तुम्ही पाऊण तास घरात आहात."

आम्ही दोघंही हललो नाही. मला भीती वाटत होती, आणि आनंदही इतका झाला होता की कशानं काटा आलाय ते कळत नव्हतं. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर ओट्याच्या खणात चमच्यांमध्ये ठेवून दिला आणि खण बंद केला.

"मॅडमना सांगू, स्क्रू गंजलेत," तो म्हणाला. "निघत नाहीत."

बाहेरून आजोबांची हाक आली. "आलं का रे?"

"आलं, आजोबा," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.